माझी गोष्ट मी ओळीत उभी राहून ऐकली

बाळंतपण करून मी माहेरावरनं सासरी आले तवा मला घरातल्या आवाजांचं भ्या वाटायचं. पहाटं शेतीची लाईट आली की विहिरीवरची मोटर आपोआप चालू व्हायची, तिचा खट् असा आवाज झाला की माझं काळीज बी खट् व्हायचं. मंग आमच्या ह्यांची पिकअप दोनदा खोकायची, तिसऱ्यांदा सुरू व्हायची, आन हे लोकांचा माल भरून मार्केटला निघून जायचे, ते पार दुपारपर्यंत. दिवस बुडायच्या येळेला उसाच्या कडंनी कोणीतरी फटाके लावायचं, बिबट्या उसातनं बाहेर येऊ नये म्हणून, ते तर मला अजून ऐकवत न्हाईत. पण सगळ्यात वाईट म्हणजे आवाज नसला की. आरू झोपली की तिचा आवाजच यायचा न्हाई. मी बोट वाकडं करून तिच्या नाकापाशी धरायची, गरम लागलं की हात काढायची, दोन भांडी घासून व्हईपर्यंत परत जायची. दिवसातनं किती येळा ते मला सांगता यायचं न्हाई. आता आरू पहिलीत जाती, घरभर नुसती बडबड, आन तरी ती तापानं झोपली की माझं बोट आपोआप वाकडं व्हतं.

घरात तिघंच मोठी माणसं. हे, मी आन आत्या, म्हणजे माझी सासू. सासरे मी यायच्या आधीच गेलते, पण त्यांचं नाव घरात सगळीकडं व्हतं, पितळी तांब्यावर, फवारणीच्या पंपावर, आन टोमॅटोच्या कॅरेटांवर तर हमखास. मार्केटला सगळ्यांची कॅरेटं सारखीच, निळी न्हाई तर लाल, म्हणून ज्याची त्याला परत यावीत ह्यासाठी प्रत्येकजण ऑइलपेंटनं आपली अक्षरं टाकतो. आमच्यावर पिवळ्या रंगात ‘ना. खं.’ म्हणजे नामदेव खंडू. माणूस गेला तरी कोणी दुसरं नाव टाकलं न्हाई, हे म्हणायचे, राहू दे, सगळ्या मार्केटला वळख हाय.

आत्या बोलायची कमी. मला माझ्या माहेरी आंबेगावाकडच्या डोंगरात बोलायची सवय, तिथं चूल पेटवताना बी दोघी बाया चार घरच्या गप्पा करत्यात. इथं आत्या नुसती भाकरी थापायची. तिचा भाकरी थापायचा थप थप आवाज तेवढा मला सहन व्हायचा, खरं तर तो चालू असंपर्यंत मला बरं वाटायचं. बाळंतिणीला म्हणून ती शेपूची भाजी करायची, बाजरीच्या भाकरीत तूप मुरवून द्यायची, आळिवाची खीर वाटीभर समोर ठेवायची आन मी संपवंपर्यंत दारात उभी राहायची. कशी हायेस, झोप लागली का, असं कधी न्हाई. मला वाटायचं ही माझ्यावर पहारा ठेवती. मी काय खाती ते न्हाई, मी पोरीला नीट बघती का न्हाई ते.

कारण माझ्या मनात जे यायचं ते मला कोणाला सांगता येत नव्हतं. सांगते आता, इतक्या वर्षांनी, तरी हात थांबतोय. मला वाटायचं हिला इथं ठेवावं आन निघून जावं. मारायचं बिरायचं न्हाई, तसलं काही न्हाई, नुसतं जावं. ती माझ्यापाशी राहिली तर तिला माझ्याच हातनं काहीतरी व्हईल, मी गेले तर ती वाचंल, असं काहीतरी उलटं गणित डोक्यात बसलं व्हतं. गणितात मी दहावीला बी नापास झाले व्हते, परत बसले न्हाई. आन आमच्या खालच्या आळीत एक बाई व्हती, तिला पोरगं झाल्यावर ती अशीच बसून राहायची, रडायची, तर तिच्या माणसांनी डोकं फिरलं म्हणून तिला माहेरी धाडली आन पोरगं ठिवून घेतलं. ती दर आठवड्याला यायची, लांबनं बघून जायची. तिला कोणी आत घ्यायचं न्हाई. मी तिला रस्त्यानं जाताना बघायची आन दाराची कडी लावायची. म्हणजे बघा, मला जायचं व्हतं, आन मला कोणी घालवून देईल ह्याचंच सगळ्यात जास्त भ्या व्हतं. दोन्ही एकाच डोक्यात.

म्हणून मी लिहायला लागले. गोष्टी वाचायचं एक ॲप असतं मोबाईलमधी, तिथं कोणीबी लिहू शकतं, शाळा इचारत न्हाईत. आरूला दुपारी पाजताना एक हात मोकळा राहायचा, त्या हाताच्या अंगठ्यानं मी लिहायची. नाव ठेवलं ‘अबोली’. पहिल्या गोष्टी कॉलेजातल्या पोरापोरींच्या, मी कॉलेजचं दार बघितलेलं नव्हतं, सिरियलमधलं बघून लिहायची. खाली लोकं लिहायची, मस्त ताई, छान, पुढचा भाग लवकर टाका. पहिल्यांदा ‘छान’ आलं तवा मी मोबाईल उशीखाली ठेवला आन परत काढून बघितला, अजून हाय का गेलं म्हणून. मंग सवय लागली. भाकरी तव्यावर असताना बघायची, कपडे वाळत घालताना बघायची. ज्या दिवशी कोणी काहीच लिहायचं न्हाई त्या दिवशी मला वाटायचं मी दिसतच न्हाई.

आता आमचा लिहिणाऱ्या बायांचा ग्रुप हाय, सगळ्या माझ्यासारख्याच, कोणी शिवणकाम करती, कोणी दवाखान्यात कामाला. सगळ्याजणी गोष्ट टाकली की खाली एकच लिहित्यात, प्रामाणिक अभिप्राय द्या. आन कोणी खरंच प्रामाणिक दिला की दोन दिवस बोलत न्हाईत. मी हसते, पण मला ठाऊक हाय त्या काय मागत्यात. कौतुक पाहिजे असतं, ते तर पाहिजेच. पण त्याच्या खाली एक असतं, जे इचारायची हिंमत नसती म्हणून माणूस त्याला दुसरं नाव देतो, दुसरं गाव देतो, आन गोष्ट म्हणून लोकांपुढं ठेवतो. मंग वाट बघतो, कोणीतरी म्हणंल का, हे मला बी माहीत हाय.

त्या वर्षी द्राक्षाची विरळणी सुरू झाली तवा आत्या मला बी मजुरीच्या बायांच्या टोळीत घिऊन गेली. पोरगी साडेतीन महिन्यांची. मांडवाच्या तारंला झोळी बांधू देत न्हाईत, तार खाली येती, म्हणून आत्यानं घरचं एक निळं कॅरेट आणलं, त्यात गोधडी घातली, मुंग्या लागू नयेत म्हणून खाली दुसरं पालथं ठेवलं. आरू पाय दुमडून त्यात बरोबर मावायची. ओळीच्या तोंडाशी कॅरेट, आन आमी कात्र्या घिऊन आत. विरळणी म्हणजे घडातले मणी ज्वारीएवढे झाले की मधले मधले कापून काढायचे, उरलेल्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून. दिवसभर मान वर, हात वर. मानंला कळ लागती, पण तोंड आन कान मोकळे असत्यात.

दुसऱ्याच आठवड्यात ते झालं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया बांधावर डबे सोडून बसल्या व्हत्या. मी आरूला पाजून कॅरेटात ठेवली, ती झोपली, आन मी उठले. पाणी आणते असं मनात बी म्हणलं न्हाई. नुसती चालत गेले. बागंच्या कडंनी, उसाच्या शेजारनं, रस्त्यापर्यंत. पायात चप्पल व्हती, हातात कात्री तशीच. थांब्यावर उभी राहिले. आळेफाट्याकडं जाणारी एसटी आली, थांबली, दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, चला मावशी. मी बावीस वर्षांची. मी त्याच्याकडं बघत राहिले, त्यानं बेल मारली, गाडी गेली. मंग मी पळत आले. आरू झोपलेलीच व्हती, बाया डबे धूत व्हत्या, कोणी काही इचारलं न्हाई. मी ओळीत शिरले, हात वर केले, आन मणी कापायला लागले.

चार दिवसांनी मी ते लिहिलं. पहिल्यांदाच कॉलेज न्हाई, सिरियल न्हाई. गोष्टीचं नाव ‘ती निघून गेली’. नाव बदललं, गाव बदललं, द्राक्षाच्या जागी टोमॅटोची तोडणी घातली, नवरा ठेवला पण गप्प, सासू मेलेली दाखवली. आन गोष्टीतली बाई एसटीत चढली. मला बघायचं व्हतं ती चढली तर काय व्हतं. दोन भाग टाकले आन खाली लिहिलं, वाचकांनो, ती चुकली का, तुमचं मत सांगा. लई मतं आली, कवाच आली नव्हती एवढी. अशी बाई आई म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. हिला शोधून तुरुंगात टाका, पुढच्या भागात दाखवाच. जनावरसुद्धा असं करत नाही. आन एकीनं लिहिलं, लेखिकाताई, तुम्हाला मूल नाही वाटतं, म्हणून तुम्ही असं लिहू शकता. ते मी वाचलं तवा आरू माझ्या छातीला लागलेली व्हती. मी मोबाईल पालथा घातला. वाटलं, झालं, इचारलं व्हतंस ना, मिळालं उत्तर.

तरी दुसऱ्या दिवशी मी तिसरा भाग टाकला, ती एसटीत तिकीट काढती तो, का ते माहीत न्हाई. कदाचित कोणीतरी वेगळं म्हणंल म्हणून.

टोळीत सोनाली म्हणून एक माझ्याच वयाची व्हती, शेजारच्या वस्तीवरची. तिचा मोबाईल रोज तारंला सुतळीनं टांगलेला असायचा, कधी गाणी, कधी कीर्तन, कधी सिरियल, सगळ्यांनी काम करत ऐकायचं. त्या ॲपमधी गोष्ट वाचून दाखवायचं बटण असतं, मशीनमधली बाई वाचती, सपाट आवाजात, जशी एसटी स्टँडवरची सूचना. तिसरा भाग टाकून दहा-बारा दिवस झाले असतील, एका सकाळी सोनाली म्हणाली, एक गोष्ट लई गाजती, ऐका. आन मशीन बोललं, ‘ती निघून गेली. लेखिका, अबोली.’

माझ्या हातातला अख्खा घड कापला गेला. गजरामावशी, म्हणजे आमच्या टोळीची मुकादम, पलीकडनं म्हणाली, अगं मणी काप, घड काय कापतीस, मालकानं बघितलं तर आपल्यालाच कापंल. बाया हसल्या. मी खाली पडलेला घड मातीत पायानं दाबला. सोनालीला कळायचं कारण नव्हतं, अबोली म्हणजे कोण हे माझ्या नवऱ्याला बी माहीत नव्हतं. आत्या माझ्याच ओळीत, चार झाडं पुढं, पाठमोरी.

आन मंग मी माझी गोष्ट ऐकली. त्या दिवसासारखं मला परत कधी ऐकायला मिळालं न्हाई. ॲपवर लोकं वाचून झाल्यावर लिहित्यात, इथं बाया वाक्यावाक्याला बोलत व्हत्या, गोष्टीतल्या बाईशी भांडत व्हत्या जशी काही ती पलीकडच्या ओळीतच हाय. गोष्टीत नवरा आला, जेवला, निघून गेला, तर गजरामावशी म्हणाली हा आपल्याच गावचा दिसतोय, तोंडात जणू तंबाखू धरलीय, बोलला तर सांडंल. पोरगी रडून रडून काळीनिळी पडती तिथं कात्र्या हळू झाल्या. एकजण म्हणाली, पोट दुखत असंल, ओवा द्यायचा. दुसरी म्हणाली, तिला ओवा द्यायचं सांगणार कोण, घरात कोण हाय तिला. मी हे लिहिलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं की त्या बाईला कोणी सांगणारं न्हाई हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल. वाटलं ह्या बाया म्हणतील, म्हणतील ते, जे ऐकायला मी हे सगळं केलं. मी वर बघत व्हते, घडाकडं, आन मला घड दिसत नव्हता.

मंग ती पोरीला ठेवून निघती तो तुकडा आला. गजरामावशी म्हणाली, हिला झाडाला बांधून हाणली पाहिजे. सोनाली म्हणाली, मावशी थांबा, ऐका तरी. मशीन त्याच सपाट आवाजात वाचत गेलं. पोरगी झोपली. तिनं तिला निळ्या कॅरेटात ठेवलं. कॅरेटावर पिवळ्या रंगानं ना खं लिहिलं होतं. पोरीचा हात त्या अक्षरांवर पडला होता.

मी सगळं बदललं व्हतं. नावं, गाव, पीक. कॅरेट बदलायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. रोज डोळ्यापुढं व्हतं ना, ते लिहिताना सुचलं, हात आपोआप लिहून गेला. ॲपवर हजार माणसांनी वाचलं असंल, त्यांना ना खं म्हणजे काय कळणार. पण इथं सगळ्या मार्केटला वळख व्हती.

कात्र्या थांबल्या. बागंत कात्र्यांचा आवाज सतत असतो, पावसासारखा, तो थांबला की कळतं. मी बघितलं न्हाई, पण मला दिसत व्हतं सगळ्याजणी ओळीच्या तोंडाकडं बघत्यात, तिथं निळं कॅरेट, पिवळी अक्षरं, आन आत माझी आरू. सोनालीनं बंद करायला हात वर केला. तवा आत्या, तोंड न वळवता, म्हणाली, “राहू दे. व्हऊ दे पुरी.”

मंग ती पुरी झाली. एसटी, दार, कंडक्टर म्हणतो कुठं, बाई म्हणती शेवटचं गाव जे असंल ते. मशीन थांबलं. आत्या चालत ओळीच्या तोंडाशी गेली, आरूला उचलली, खांद्यावर घेतली. त्या दिवशी तिनं परत कात्री हातात धरली न्हाई. पाजायच्या येळेला माझ्याकडं द्यायची, झालं की परत घ्यायची. मला एकच दिसत व्हतं, खालच्या आळीची ती बाई, लांबनं बघणारी. वाटलं, आज संध्याकाळी माझ्या भावाला फोन जाणार, तो गाडी घिऊन येणार, मी एकटी बसणार.

टोळीच्या गाडीत कोणी माझ्या शेजारी बसायचं टाळलं असं न्हाई, उलट सोनाली मला चिकटून बसली, तिचा हात माझ्या गुडघ्यावर व्हता. घरी आल्यावर मी चुलीपाशी न जाता खोलीत गेले आन आरूची टोपरी, लंगोट घडी करून एका बाजूला ठेवले, माझी लुगडी एका बाजूला. दोन ढीग. कोणी म्हणायच्या आधी आपणच करावं म्हणून. आत्या दारात आली, ढिगांकडं बघितलं, आन म्हणाली चहा ठेवलाय, ये.

पडवीत बसलो. आरू तिच्या मांडीवर. तिनं इचारलं, “किती लांब गेलतीस?”

मी म्हणलं, “थांब्यापर्यंत.”

“एसटी आली व्हती?”

“व्हय.”

“मंग चढली न्हाईस.”

“न्हाई. का ते माहीत न्हाई आत्या. मला खरंच माहीत न्हाई.”

ती चहा बशीत ओतत राहिली. मंग म्हणाली, मला ठाऊक व्हतं. मला कळलं न्हाई ती काय म्हणती. ती म्हणाली, मी बघितली तुला, उसाच्या कडंनी जाताना, बांधावरनं दिसतंय तिथलं. पोरगी जागी झाली व्हती, तू रस्त्याला लागलीस तवाच. मी घेतली तिला, गजरा इचारत व्हती आई कुठंय हिची, मी म्हणलं परसाकडंला गेली. मंग तू येताना दिसलीस, पळत. मी पोरीला परत ठेवली, डोळे मिटले व्हते तिनं तवर. तू आलीस, कामाला लागलीस.

म्हणजे अठरा-वीस दिवस ती हे घिऊन माझ्यासमोर भाकऱ्या थापत व्हती. मी म्हणलं, तुमी मला काहीच का बोलला न्हाईत. आत्यानं माझ्याकडं बघितलं, आन मी तिचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं असं मला वाटतं, कारण ते माझ्यासारखंच भ्यालेलं व्हतं.

“इचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस,” ती म्हणाली. “मंग मी काय केलं असतं?”

मी रडायला लागले. तिनं मला जवळ बिवळ घेतलं न्हाई, तिची ती रीतच न्हाई. ती पोरीला थोपटत बसली आन थोड्या येळानं तिनं इचारलं, त्या गोष्टीत सासू हाय का. मी म्हणलं न्हाई. तर म्हणाली का न्हाई. मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणलं, मेलेली दाखवलीय. तिनं बशी खाली ठेवली, आन मला वाटतं ती हसली, पण खात्री न्हाई.

“मला मारलीस व्हय,” ती म्हणाली. “मंग त्या पोरीला उचलणार कोण? म्हणून बसली तुझी गोष्ट एसटीत.”

ॲपवर एवढ्या जणांनी मत दिलं व्हतं, तिला तुरुंगात टाका, तिला परत आणा, नवऱ्याला शिक्षा करा. गोष्टीत कोण न्हाई हे कोणी सांगितलं नव्हतं. आन मला बी माहीत नव्हतं की मी घरातल्या एका जित्या माणसाला मारून मंग एकटी एकटी म्हणून रडत व्हते.

दुसऱ्या दिवशी आत्या टोळीत गेली न्हाई, मला बी जाऊ दिलं न्हाई. आमच्या गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला बोलवलं, तिनं सगळं ऐकलं आन म्हणाली हा आजार असतो, बाळंतपणानंतर लई जणींना व्हतो, कोणी सांगत न्हाई. मंग आमी तिघी तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडं गेलो, आत्या, मी, आन आरू आत्याच्या मांडीवर. मी आत काय बोलले ते आठवत न्हाई, पण आत्या माझ्या शेजारी बसून राहिली, बाहेर जा म्हणलं तरी उठली न्हाई. गोळ्या चालू झाल्या. बरं व्हायला लई दिवस लागले, एका दिवसात काही झालं न्हाई, पुढं दोनदा तीनदा परत तसंच वाटलं, पण तवा मी सांगायची. आत्या, आज रस्ता दिसतोय, असं म्हणायची. ती हातातलं ठेवून यायची आन पोरीला घ्यायची, मी झोपायची. ह्यांना आत्यानंच सांगितलं, काय सांगितलं मला माहीत न्हाई, पण हे त्यानंतर दुपारी मार्केटवरनं सरळ घरी यायला लागले. टोळीतल्या बायांनी गावात काय काय सांगितलं असंल म्हणून मी भ्याले व्हते. बोलल्याच असतील, बाया हायेत. पण गजरामावशी एक दिवस ओव्याची पुरचुंडी घिऊन आली, पोरीच्या पोटासाठी, आन चहा न घेताच गेली. आन सोनालीनं मला एकटीला गाठून सांगितलं, मला बी झालं व्हतं गं, मी कोणाला बोलले न्हाई. एवढंच.

आता माझ्या गोष्टी दोनचार हजार माणसं वाचत्यात. छान आलं की मला अजून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण नवीन पोरी मला इचारत्यात, ताई, वाचणाऱ्यांचं ऐकावं का, तवा मी म्हणते, ऐका, पण जवळच्या एकाला आधी वाचून दाखवा, ज्याला तुमच्या घरातलं सगळं ठाऊक हाय अशाला. त्याला फसवता येत न्हाई.

मी ती गोष्ट तवाच ॲपवरनं काढली व्हती, ह्या वर्षी पहिल्यापासनं परत लिहिली. कॅरेट ठेवलं, अक्षरं बदलली. सासूला जिती केली. तो भाग लिहून झाला तवा आत्या दुपारची मेथी निवडत बसली व्हती, तिला वाचता येत न्हाई, म्हणून मी तिच्यापुढं बसून वाचून दाखवला. त्यात सासू धावत येती, लेकराला छातीशी धरती, डोळ्यांतनं पाणी, म्हणती, माझी सून येईल, मला खात्री हाय. आत्या मेथीची पानं खुडत ऐकत राहिली. वाचून झाल्यावर मी म्हणलं, कसं वाटलं.

“लई गोड केलीस मला,” ती म्हणाली. “मी काय तशी न्हाय. मला राग आला व्हता. पोरगी उचलली आन पहिली शिवी तुला दिली, मोठ्यांदा, म्हणून तर गजरानं मान वळवली. रडू मागनं आलं. शिवी आधी लिही, मंग बाकीचं.”

मी इचारलं, कोणती शिवी.

तिनं हात थांबवला, आत बघितलं, आरू झोपलीय का म्हणून, आन मंग सांगितली. मी मोबाईल हातात घेतला आन तिच्यासमोरच ती जशीच्या तशी लिहिली.